पाच मिनिटं शांत बसू द्या: आरोग्यसेवेची धोरणं ठरवणाऱ्यांना एका फॅमिली डॉक्टरचं खुलं पत्र

आरोग्यसेवेची धोरणं ठरवणाऱ्या आणि तिचा निधी वाटणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

रक्तदाब नीट मोजायचा तर माणसाला आधी पाच मिनिटं शांत बसवावं लागतं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा, हृदयाच्या उंचीवर आणि आधाराला ठेवलेला. लघवी तुंबलेली नको, नुकतीच ओढलेली सिगारेट किंवा प्यालेली कॉफी नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला लहान पट्टा गुंडाळला तर आकडा उगाच चढतो. मोजताना कुणी बोलायचं नाही, डॉक्टरनेही नाही. आणि एकदा मोजून भागत नाही, मिनिटभर थांबून पुन्हा मोजावं लागतं. यातलं काहीच नवीन नाही. तुमच्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये हे सगळं लिहिलेलं असतं.

आता ही दुसरी गोष्ट पाहा. प्राथमिक उपचार करणारा डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतो, याचा ६७ देशांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. जगाची साधारण निम्मी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तिथे पाच मिनिटं किंवा त्याहूनही कमी. म्हणजे रक्तदाब मोजण्याआधी माणसाला जेवढा वेळ नुसतं बसवायला हवं, तेवढ्यात त्याची अख्खी भेट उरकलेली असते.

मी जनरल प्रॅक्टिशनर आहे. लहान मुलांच्या लसींपासून म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. रोग होण्याआधी थांबवा, असं तुम्ही आम्हाला प्रत्येक परिषदेत आणि प्रत्येक परिपत्रकात सांगता. ते मला मनापासून पटतं. पण त्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी तुम्ही आमच्याकडून हळूहळू काढून घेत आहात, म्हणून हे पत्र. एक म्हणजे वेळ. दुसरी म्हणजे त्याच माणसाने त्याच डॉक्टरकडे वर्षानुवर्षं येत राहण्याची सोय. प्रतिबंधाच्या नावाने जो पैसा तपासण्यांच्या पॅकेजांवर आणि मोहिमांच्या फलकांवर जातो, तो या दोन गोष्टींकडे वळवा, एवढंच माझं मागणं आहे.

आधी हे सांगतो की माणसं आजारी पडल्यावर नेमकी जातात कुठे. १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधली माहिती जुळवून एक हिशेब मांडला. हजार प्रौढ माणसं घेतली, तर एका महिन्यात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जणांना रुग्णालयात दाखल व्हावं लागतं. आणि वैद्यकीय महाविद्यालयाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो फक्त एक. चाळीस वर्षांनी, २००१ साली, अमेरिकेत हाच हिशेब पुन्हा केला गेला आणि चित्र फारसं बदललेलं नव्हतं. तुमचं अंदाजपत्रक, तुमच्या उद्घाटनांचे फोटो आणि भावी डॉक्टरांचं जवळजवळ सगळं शिक्षण त्या एका माणसाभोवती फिरतं. त्याला उत्तम उपचार मिळालेच पाहिजेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते अडीचशे लोक आमच्या बाकावर बसलेले असतात, आणि त्या एका माणसाला तिथवर जावं लागू नये हे काम त्याच बाकावर होऊ शकतं.

ते काम कसं दिसतं, याचं एक उदाहरण देतो.

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या वयस्क माणसांना मी सांगतो, घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरून आणा. मग पिशवी टेबलावर रिकामी करतो. बऱ्याच वेळा जे बाहेर पडतं ते असं असतं: गुडघ्यांसाठी एका डॉक्टरने दिलेली वेदनाशामक गोळी, आणि कंबरेसाठी दुसऱ्याने दिलेली, वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रंगाच्या पाकिटातली, पण आत औषध तेच. रोज दुप्पट वेदनाशामक पोटात गेल्यामुळे रक्तदाब वर गेलेला. तो वर गेला म्हणून तिसऱ्याने ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढवलेला. ॲम्लोडिपिनने अनेकांच्या पायांवर सूज येते, तशी ती आली. सूज दिसली म्हणून चौथ्याने लघवी वाढवणारी गोळी जोडली. आता रात्रीतून तीन-चारदा उठावं लागतं, झोप मोडते, म्हणून झोपेची गोळी. आणि झोपेच्या गोळीच्या अमलाखाली अंधारात बाथरूमकडे जाताना तोल जातो. यातल्या प्रत्येक डॉक्टरने आपल्यापुरतं ठीकच केलेलं असतं. चूक दाखवायला गेलं तर एका ठिकाणी बोट ठेवता येत नाही. सगळी पाकिटं एकत्र बघणारं मात्र कुणी नव्हतं.

त्या पिशवीतली दोन-तीन पाकिटं बाजूला काढायला किती वेळ लागतो? कुठली गोळी कधी आणि कशासाठी सुरू झाली ते विचारायचं, जुनी कागदपत्रं चाळायची, काय एकदम बंद करता येतं आणि काय हळूहळू कमी करावं लागतं ते ठरवायचं. झोपेच्या गोळीसारखं औषध तर अनेकदा आठवड्यांच्या हिशेबाने उतरवावं लागतं. बरोबर आलेल्या मुलीला किंवा सुनेला समजावायचं, कारण घरी गोळ्या काढून देणारी तीच असते. आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवायचं. मांडीचं हाड मोडून होणारी शस्त्रक्रिया यातून टळू शकते. पण टळलेली शस्त्रक्रिया तुमच्या कुठल्याही तक्त्यात येत नाही, आणि औषध बंद केल्याबद्दल कुणी कुणाला पैसे देत नाही. उलट नवीन औषध लिहायला अर्धं मिनिट पुरतं. म्हणजे वेळ कापला की आपोआप गोळ्या वाढतात. हा सरळ हिशेब तुमच्या वित्त विभागाने एकदा तरी करून बघावा.

थोडक्यात बोलूनही उपयोग होतो, हे मला मान्य आहे. मायकेल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली लंडनमधल्या जनरल प्रॅक्टिशनरांबरोबर केलेला अभ्यास तुमच्या टेबलावर असायला हवा. रुग्ण कुठल्याही कारणाने आला असो, तो सिगारेट ओढत असेल तर डॉक्टरने एक-दोन मिनिटं बोलून त्याला ती सोडायला सांगायची, हातात एक पत्रक द्यायचं आणि पुन्हा विचारणार आहे असं बजावायचं. वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण या गटात ५.१ टक्के होतं. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यात ०.३ टक्के. पाच टक्के हा आकडा किरकोळ वाटतो. पण प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरने प्रत्येक सिगारेट ओढणाऱ्याला असं सांगितलं तर देशभरात लाखो माणसं सुटतात. खर्च काय, तर दोन मिनिटं.

ती दोन मिनिटं मात्र पाच मिनिटांच्या भेटीत शिल्लक राहत नाहीत. शिवाय सांगणारा कोण आहे यालाही महत्त्व असतं. ज्याने तुमच्या वडिलांचं शेवटचं आजारपण जवळून पाहिलं, त्याने “आता तरी सोडा” म्हणणं आणि पहिल्यांदाच भेटलेल्या कुणी म्हणणं, यात फरक आहे. लसीचंही तसंच. गोवरासारखा झपाट्याने पसरणारा आजार रोखायचा तर सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळावी लागते. लस राहिलेल्या मुलांचे अनेक आईबाप हट्टी नसतात, घाबरलेले असतात. मागच्या लसीनंतर रात्रभर ताप होता, शेजारच्या कुणीतरी काहीतरी सांगितलं, मोबाइलवर काहीतरी पाहिलं. त्यांना पत्रक नको असतं. त्यांना आपल्या प्रश्नावर न हसणारं माणूस हवं असतं, आणि पहिल्या भेटीत “नाही” म्हटलं तरी दुसऱ्या भेटीत तेच माणूस तिथे असायला हवं असतं.

आणि दाराशी होणारी ती गोष्ट. भेट संपलेली असते, रुग्ण उठलेला असतो, दाराच्या कडीवर हात असतो, आणि तो वळून म्हणतो, “डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.” जगातला प्रत्येक फॅमिली डॉक्टर हे ओळखतो. गेले काही महिने शौचातून रक्त जातंय, घरात मारहाण होते, जगण्यात रस उरला नाही: असल्या गोष्टी त्या क्षणी बाहेर येतात. ती भेट त्यासाठीच घेतलेली असते, सर्दी निमित्ताला असते. बाहेर रांग वाढलेली असताना त्या माणसाला पुन्हा खुर्चीवर बसवायचं की “पुढच्या वेळी बघू” म्हणायचं, हे आम्हाला दोन सेकंदांत ठरवावं लागतं. तुम्ही वेळापत्रक आखता तेव्हा हा निर्णयही अर्धा तुम्हीच घेतलेला असतो.

त्याच डॉक्टरकडे जात राहण्याने काय होतं, हे आता केवळ आमच्या अनुभवापुरतं राहिलेलं नाही. २०१८ साली डेनिस परेरा ग्रे आणि सहकाऱ्यांनी नऊ देशांतले २२ अभ्यास एकत्र पाहिले. त्यातल्या १८ अभ्यासांत डॉक्टर आणि रुग्णाची साथ जितकी टिकलेली, तितके मृत्यू कमी, असं आढळलं. नॉर्वेत २००१ पासून जवळजवळ प्रत्येक नागरिकाच्या नावापुढे एक ठरलेला डॉक्टर असतो, त्यामुळे तिथे पंचेचाळीस लाखांहून जास्त लोकांची नोंद तपासता आली. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना वर्षभरच झालेल्यांशी केली. अवेळी तातडीची सेवा घ्यावी लागण्याची, रुग्णालयात दाखल होण्याची आणि मृत्यूची शक्यता पहिल्या गटात साधारण पंचवीस ते तीस टक्क्यांनी कमी होती. हे निरीक्षणावर आधारलेले अभ्यास आहेत, प्रयोग नव्हेत, हे मी जाणतो. स्थिर आयुष्य असलेली माणसं डॉक्टरही कमी बदलतात, हा आक्षेप रास्त आहे. पण नॉर्वेच्या आकड्यांत नातं जितकं जुनं तितका फायदा जास्त, अशी पायरी-पायरीने चढत गेलेली रेघ दिसते. एखाद्या नव्या गोळीने असे आकडे दाखवले असते, तर तुम्ही तिच्या खरेदीची निविदा कधीच काढली असती.

त्याऐवजी पैसा कुठे जातोय? “संपूर्ण शरीर तपासणी”कडे. धडधाकट माणसाला एका सकाळी साठ-सत्तर चाचण्या, रंगीत अहवाल, लाल अक्षरातले आकडे. सरसकट केलेल्या अशा सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांवर, वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा आढावा २०१२ साली आला आणि २०१९ मध्ये अद्ययावत झाला. त्यातल्या अभ्यासांत अडीच लाखांच्या आसपास माणसं होती. एकूण मृत्यूंवर किंवा कर्करोगाच्या मृत्यूंवर या तपासण्यांचा परिणाम जवळपास शून्य होता. निवडक तपासण्या उपयोगी असतात, आणि त्या कुणाला, कोणत्या वयात, किती वर्षांनी करायच्या हे ठरलेलं आहे. तपासणी कधी करावी याचे निकष विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ सालीच लिहून ठेवले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी त्या कसोटीला उतरते. सगळ्यांच्या सगळ्या चाचण्या उतरत नाहीत.

न उतरणारी तपासणी केली की काय होतं, ते दक्षिण कोरियाने भोगलं. १९९९ मध्ये तिथे काही कर्करोगांसाठी राष्ट्रीय तपासणी सुरू झाली. थायरॉइड त्या यादीत नव्हता, पण रुग्णालयांनी आणि दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत मानेची सोनोग्राफी जोडून दिली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान होण्याचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या कर्करोगाने मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. ज्या गाठींनी जन्मभर काही केलं नसतं त्यांच्यासाठी हजारो लोकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या. त्यातले बहुतेक आयुष्यभर रोज हार्मोनची गोळी घेतात, काहींचा आवाज कायमचा बसला. कुणी लबाडी केली म्हणून हे घडलं असं मी म्हणत नाही. “लवकर कळलं तर बरंच” या वाक्याला कुणी अडवलं नाही, म्हणून घडलं. तिथे “तुम्हाला ही तपासणी नको” असं सांगणारा, आणि ज्याचं ऐकलं जाईल असा डॉक्टर लागतो. नको म्हणायला हो म्हणण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हेही लक्षात घ्या.

आणि ज्याची खरोखर गरज आहे ते मात्र राहून जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या ३० ते ७९ वयाच्या सुमारे १३० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यातल्या जवळजवळ निम्म्यांना तो असल्याचं माहीतच नाही. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. एक पट्टा लागतो, आणि वर सांगितलेली पाच मिनिटं.

हे करून दाखवलेलं आहे. साउथ वेल्समधल्या ग्लिनकोरॉग या कोळसा खाणीच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट १९६० च्या दशकापासून फॅमिली डॉक्टर होते. आपल्या यादीतल्या प्रत्येक प्रौढाचा रक्तदाब मोजायचा, असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी शिबिर भरवलं नाही. कुणी खोकल्यासाठी आला, कुणी प्रमाणपत्रासाठी आला, की पट्टा बांधायचा आणि नोंद करायची. जे आलेच नाहीत त्यांच्या मागे लागायचं. ज्यांचा जास्त निघाला त्यांना वर्षानुवर्षं सोडायचं नाही. पंचवीस वर्षांच्या या कामाचा हिशेब त्यांनी १९९१ साली मांडला, तेव्हा गावातले अकाली मृत्यू शेजारच्या तशाच गावापेक्षा स्पष्टपणे कमी होते. याच डॉक्टरने १९७१ साली लिहून ठेवलं होतं की चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त, तिथेच ती कमी मिळते. तुम्ही डॉक्टरांचा वेळ वाटताना हे पुन्हा वाचा. गरीब वस्तीतला माणूस एकाच वेळी मधुमेह, दमा, कर्ज आणि निद्रानाश घेऊन येतो, आणि नेमकी त्याच वस्तीत भेट सर्वांत छोटी असते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सगळा प्रतिबंध आमच्या खोलीत होणार नाही. हवा, पाणी, तंबाखूवरचा कर, चालायला फुटपाथ, खाण्यातलं मीठ आणि साखर, यावर माझ्या चिठ्ठीचा काही अंमल नाही. ते तुमचंच काम आहे, आणि ते आमच्या कामापेक्षा मोठं आहे. “लोकांचं समुपदेशन करा” असं आम्हाला सांगून ते काम आमच्याकडे ढकलू नका. पण जे माणसामाणसांतच होऊ शकतं, ते आमच्याकडे नीट होऊ द्या. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांपैकी ज्यांना वजन आणि व्यायामासाठी सातत्याने साथ मिळाली, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. ती साथ म्हणजे “वजन कमी करा” हे एक वाक्य नव्हतं. एकेका माणसाबरोबर बसून घेतलेली सोळा सत्रं होती, आणि त्यानंतरही संपर्क चालू होता.

तेव्हा मागणं नेमकं सांगतो. प्रत्येक माणसाला नावाने ठरलेला एक फॅमिली डॉक्टर असू द्या, आणि तो बदलण्याचा हक्क त्या माणसाकडे असू द्या. एका डॉक्टरच्या यादीत किती माणसं, याला मर्यादा घाला. ती मर्यादा गरीब आणि वयस्क वस्तीत कमी ठेवा. दीर्घ आजार असलेल्यांसाठी दुप्पट वेळाची भेट हा हक्क माना. आमच्याबरोबर परिचारिका द्या, ज्या रक्तदाब मोजतील, लसी देतील, औषधांचा पाठपुरावा करतील. यातलं पुष्कळ काम त्या आमच्यापेक्षा जास्त निगुतीने करतात. किती चाचण्या लिहिल्या यावर आम्हाला मोबदला देणं थांबवा. भावी डॉक्टरांना शिकण्याच्या काळातले काही महिने तरी आमच्या शेजारी बसवा, आणि फॅमिली मेडिसिनला इतर विशेष शाखांइतकंच वेतन आणि मान द्या. हुशार मुलं या कामाकडे का वळत नाहीत, याचं उत्तर त्यांच्या पगारपत्रकात आहे. १९७८ साली अल्मा-आता इथे आणि २०१८ साली अस्ताना इथे प्राथमिक आरोग्यसेवेच्या जाहीरनाम्यांवर सह्या झाल्या. नव्या जाहीरनाम्याची गरज नाही.

सुरुवात करायला एक सोपं काम आहे. तुमच्याकडे भेटींच्या नोंदी आहेत. प्रत्येक माणसाच्या वर्षभरातल्या भेटींपैकी किती भेटी एकाच डॉक्टरकडे झाल्या, आणि एका भेटीला सरासरी किती मिनिटं मिळाली, हे दोन आकडे विभागवार काढा. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही, समिती नेमावी लागत नाही. खाटा, शस्त्रक्रिया आणि यंत्रांचे आकडे तुम्ही दरवर्षी छापता, त्याच पानावर पुढच्या वर्षी हेही छापा, आणि पुढच्या अंदाजपत्रकात पहिला पैसा तिथे द्या जिथे हे दोन्ही आकडे सर्वांत खाली असतील.

आपला,
एक जनरल प्रॅक्टिशनर